शेवटच्या डब्यातून पाहिलेली शर्यत

शर्यत संपली की सगळं जग पुढे बघतं. कोण पहिला, कोण दुसरा, बोर्डावर कुठला नंबर लागला. उभ्या आयुष्यात मी एकच माणूस असा पाहिला, की जो नेमका त्या क्षणी मान उलटी फिरवायचा आणि सगळ्यांत शेवटचं घोडं रेषेपार जाईपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा. ते गेलं की खिशातली शिट्टी काढून हळूच फुंकायचा आणि म्हणायचा, "आली. आत्ता गाडी पुरती आली."

आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणायचो. मालगाडीवर गार्ड म्हणून जन्म काढून दौंडला निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. खाकी शर्टाच्या एका खिशात लाल झेंडी, दुसऱ्यात हिरवी, दोन्ही घडी घालून. नोकरी संपली तरी झेंड्या सुटल्या नव्हत्या. हल्ली म्हणे रेल्वेत गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी लाल झेंडी काढून अख्खं दौंड जंक्शन थांबवलं असतं.

"इंजिन कुणीबी बघतंय," ते म्हणायचे. "म्या आयुष्यभर शेवटच्या डब्यातनं जग बघितलंय. गाडी कुठं हिसका खाती, कुठं रेंगाळती, ते मागं बसणाऱ्यालाच कळतं."

एसटीत ते शेवटच्या बाकावर बसत, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत आणि डबा उघडला की आधी ताकभात खाऊन मग भाजीभाकरीकडे वळत. का, म्हणून विचारलं की उत्तर एकच : "चेकिंग मागनं सुरू होतंय."

आता आमची दोघांची गाठ कुठे पडली ते सांगते. भीमा नदीच्या अलीकडे राहू गाव, पलीकडे शिरूर तालुका. त्या पलीकडच्या काठावर उसाच्या रानांच्या मधोमध शर्यतीच्या घोड्यांचा एक फार्म होता. शिंगरं तिथे जन्मायची, वाढायची, पाठीवर माणूस घ्यायला शिकायची आणि मग पुण्याला रेसकोर्सवर ट्रेनरकडे जायची. गार्डसाहेब तिथे दाणागोट्याचं कोठार सांभाळायचे आणि मी ऑफिसात वंशावळी टाईप करायची.

मी म्हणजे कोण? शिरूरच्या कॉलेजातली ताजी बी.कॉम., वरवंडला नुकतीच दिलेली, डोळ्यांवर गॉगल आणि पायात टाचेचे सँडल. घोड्यांच्या फार्मवर टाचेचे सँडल घालून जाणारी बाई किती हुशार असेल, ते तुम्हीच ठरवा. पहिल्याच दिवशी एक टाच लिदीत रुतली ती वर आलीच नाही. पुढे कधीतरी उसाला खत म्हणून गेली असेल.

वंशावळी टाईप करता करता मला वाटायला लागलं, की घोड्यांतलं आपल्याला सगळं कळलं. कुठल्याही शिंगरापुढे उभी राहून मी ऐटीत सांगायची, "याचा आजोबा इंग्लंडात जिंकलाय, हे जिंकणारच."

गार्डसाहेबांनी एकदा ते ऐकलं. "पोरी, तुझा आजा काय करीत हुता?"

"पैलवान होते! तालुक्यात नाव होतं त्यांचं."

"मग उचल ते पेंडीचं पोतं."

पोतं जागचं हललं नाही. माझी कंबर मात्र हलली. त्यानंतर दोनतीन दिवस मी आजोबांचं नाव काढलं नाही, माझ्याही नाही आणि घोड्यांच्याही नाही.

फार्ममधली घोडी पुण्याला पळाली, की शर्यतीची व्हिडिओ कॅसेट ऑफिसात यायची. बहुतेक कोऱ्या घोड्यांच्या शर्यती, म्हणजे एकही शर्यत न जिंकलेल्या, काही तर पहिल्यांदाच पळणाऱ्या कोवळ्या जनावरांच्या. हजार मीटर. एका मिनिटात खेळ खलास. आणि त्या मिनिटाचं गार्डसाहेब आठवडाभर पारायण करायचे.

तेही उलटं. रेसकोर्सवर गेलो की शेवटचं घोडं आणि शिट्टी, आणि कॅसेट तर पुढे चालवायचीच नाही. शेवटाकडून सुरुवातीकडे रिवाइंड करत बघायची. पडद्यावर घोडी रेषेवरून निघून मागे मागे धावत येत, धूळ जमिनीत परत जाई आणि शेवटी एकेक घोडं पार्श्वभाग पुढे करून गेटात शिरे. मला हसू आवरायचं नाही. ते मात्र मिशीला पीळ देत बोलत असायचे.

"ह्यो बघ. गेट उघडलं तरी हुबाच. का? भ्याला न्हाई. दार उघडलं म्हंजी दाणा आला, आसं वाटलं त्याला. त्यो चार नंबरचा पब्लिककडं बघतोय, गावची जत्रा समजून. आन् ह्यो तोंड वासून जॉकीशी भांडतोय. ह्यातला पळतोय कोण? कुणीच न्हाई! नवी पोरं पळत न्हाईत, बघत्यात. त्यांनी काय बघितलं, ते आपण बघायचं."

"मग जो पहिला आला तो?" मी विचारायची.

"त्याला बघायचं सुचलं न्हाई."

निकालावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. निकाल म्हणजे स्टेशनातला बोर्ड, गाडी लेट हाय एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. खरी परीक्षा रेषेनंतर. रेष ओलांडल्यावर कोण लगेच ढेपाळलं आणि कोण आपल्याच नादात पुढे जात राहिलं, हे गार्डसाहेब डोळे बारीक करून बघायचे. "रेष माणसानं आखलीया. घोड्याला काय ठावं? ज्याच्यात शिल्लक हाय ते जातंच."

ते नेहमी बरोबर असायचे असं मात्र समजू नका. एका काळ्या शिंगराबद्दल त्यांनी फार्मभर छाती ठोकून सांगितलं होतं, की हे वीज आहे. त्या विजेने भर शर्यतीत उडती प्लॅस्टिकची पिशवी बघितली आणि चारी पाय रोवले. जॉकी पुढे गेला, घोडं मागे राहिलं. गार्डसाहेब आठ दिवस त्या पिशवीला शिव्या देत होते.

त्यांची स्वतःची म्हणावी अशी एक घोडी फार्मवर होती. तिचं नाव आक्का. शिरूरकडे बैलगाडा शर्यती बघितल्या असतील तर माहीत असेल, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे एक घोडी पळते. तिच्या मागावर बैल उधळतात. घोडीने कायम पुढे राहायचं, मागच्याने तिला गाठलं तर रायडरला गावात तोंड दाखवायची चोरी. आक्काने जवानी अशा घाटांत काढली होती. म्हातारी झाल्यावर तिला विकायला काढली, तेव्हा गार्डसाहेब तिला चालवत फार्मवर घेऊन आले आणि मालकांना म्हणाले, "उंडग्या शिंगरांना हिच्या मागं लावा. लाईनीत येतील."

आणि आली की लाईनीत! सकाळी राहूचा बबन आक्कावर बसायचा आणि आक्कामागे शिंगरं शाळेतल्या पोरांसारखी एका रांगेत. मालक पुण्याच्या पाहुण्यांना ते दाखवायचे आणि गार्डसाहेब मिशीतल्या मिशीत फुगायचे. कुणी शहाणं शिंगरू आक्काच्या बरोबरीला आलंच, तर आक्का कान मागे टाकून त्याच्या मानेला असा चिमटा काढायची, की परत नाव नको.

तिची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी चिमणी. ही बदामी रंगाची शिंगरी. तिची आई तिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत गेली, मग ती वाढली आक्काच्या पोटाला चिकटून. कागदावर तिचं फ्रेंच नाव होतं, ते म्हणायला जिभेला गाठ मारावी लागायची. आम्हाला ती चिमणीच. गार्डसाहेब तिला गूळ चारताना भोवती कुणी नाही ना, ते बघून घ्यायचे. मिशांना शोभलं नसतं ना.

चिमणी पुण्याला गेली, पहिली शर्यत पळाली आणि पाचवी आली. कॅसेटमध्ये स्पष्ट दिसत होतं. गेटातून बाणासारखी सुटली, पुढच्या घोडीच्या शेपटीपर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. जॉकीने चाबूक मारला, ओरडला, पण ती त्या शेपटीला सोडेना. बाजूने एकेक जण निघून गेला. पुढची दमून मागे पडत गेली, तशी ही पण तिच्याबरोबर मागे पडत गेली.

मालक फार्मवर आले ते तोंड पाडूनच. "वेग आहे, जिगर नाही," ते म्हणाले. "अशा घोड्याचा शर्यतीत उपयोग नाही. फुकट दमवायचं तिला. वरातीसाठी कुणाला हवी असली तर देऊन टाकू."

चिमणीला तेव्हा खोकला झाला होता, म्हणून ट्रेनरने तिला आरामाला फार्मवर धाडली होती. दौंडचा एक वरातीचे घोडे पुरवणारा तिला बघायला आला. चांगला माणूस होता, चिमणीला प्रेमाने थोपटत होता. "बँडला भिती का वो?" त्याने विचारलं.

"बँडला भिती, फटाक्याला भिती," गार्डसाहेब म्हणाले. "नवऱ्याला तर लईच भिती. फेटा बघितला का पाडतीच."

चिमणीने जन्मात फेटा बघितला नव्हता. तो माणूस गेला, पण सांगून गेला, की शर्यतींचा सिझन संपला की परत येतो.

गार्डसाहेबांनी मालकांना गाठलं. "सायेब, हिला अजून एक गाडी द्या. शेवटची."

"आणि तिथेही मागेच राहिली तर?"

"तर मीच दौंडला पोचवून येतो. मोत्याची झालर घालून."

मालक सज्जन. हो म्हणाले. पुढचे आठ दिवस ऑफिसात फक्त एकच कॅसेट, शेवटाकडून सुरुवातीकडे, पुन्हा पुन्हा. चिमणी रेष ओलांडल्यावर बघावी तर कान टवकारून मजेत चाललेली, श्वाससुद्धा चढलेला नाही. "शिल्लक हाय," गार्डसाहेब पुटपुटायचे. "एवढं शिल्लक हाय, तर खर्च का करीना?" ताकभातसुद्धा तसाच राहायला लागला. मी माझ्या परीने विद्वत्ता पाजळली, "तिच्या पणजीला दमा असेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट टाईप करू लागले.

मग आला वरवंडचा बाजार.

मी आणि सासूबाई बाजाराला निघालो होतो. त्या पुढे, मी मागे. सुनेने सासूच्या पुढे चालायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारी मी चटचट पुढे निघाले होते, तेव्हा चुलतसासूने दंडाला असा चिमटा काढला होता, की हिरवा डाग पडला. तेवढं पुरलं. एरवी मी सकाळची जीप पकडायला पदर खोचून धावणारी बाई. पण सासूबाईंच्या मागे मात्र पाऊल मोजत, दोन हातांचं अंतर राखत. त्या थांबल्या की मी थांबणार, त्या वळल्या की मी वळणार. आणि वर मनातल्या मनात मी स्वतःला फार आधुनिक समजत होते, गॉगल होता ना!

गार्डसाहेब लसूणघासाचं बी घ्यायला आले होते. बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ते आमच्याकडे बघत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसते टक लावून बघतायत. अख्ख्या बाजारातून त्यांनी आम्हाला डोळ्यांनी पार शेवटपर्यंत पोचवलं. मला लाजच वाटली.

"कोण गं ह्यो मिशावाला?" सासूबाईंनी विचारलं.

"आमच्या फार्मवरचे आहेत."

"त्येला म्हणावं, डोळं मिट वाईच, माशी जाईल."

दुसऱ्या दिवशी मी फार्मवर पाय ठेवते न ठेवते तोच शिट्टी. गार्डसाहेब कोठाराच्या दारात.

"सापडलं! तू काल सासूच्या म्होरं का गेली न्हाईस?"

"म्हणजे? जात नाहीत."

"पाय दुखत हुते?"

"नाही."

"दम लागला हुता?"

"अहो, नाही! बरं दिसत नाही म्हणून."

"मग चिमणीलाबी बरं दिसत न्हाई!" त्यांनी कपाळावर हात मारला. "पाचवी आली न्हाई ती, पोरी. अदबीनं मागं राहिली. आक्काच्या म्होरं जायचं नसतं, एवढंच ती शिकलीया. म्होरं जी कुणी दिसंल ती तिची आक्का. आन् ही शाळा काढली कुणी? ह्या शहाण्यानं!"

एवढा मोठा माणूस, पण ती गोष्ट मालकांपासून बबनपर्यंत सगळ्यांना स्वतः जाऊन सांगून आला. "माझीच चूक. लाईनीत आणता आणता पोरीला मालगाडी केली म्या."

चूक कळली, पण सुधारायची कशी? आक्काला सोडून चिमणीला एकटी पळवली, तर ती जागची हलेना, नुसती खिंकाळून आक्काला हाका मारायची. आक्काला हळू चालवली, तर चिमणी तिच्यापेक्षा हळू. बरोबरीने आणली, की आक्काचा चिमटा. बबन वैतागून म्हणाला, "गार्डसायेब, ह्या दोघी मिळून आपल्याला येडं करणार."

शेवटी गार्डसाहेबांनी पळायच्या वाटेवर मध्येच कडेला हिरव्यागार लसूणघासाचा भारा टाकला. आक्का पुढे, चिमणी मागे, दोघी आल्या. बबनने भाऱ्यापाशी आक्काचा लगाम सैल सोडला. आक्का थांबली आणि तोंड घातलं घासात. मागून आलेली चिमणी आपल्याच वेगात पुढे निघून गेली. चार ढांगांवर तिला कळलं, की काय आक्रीत घडलंय! गचकन थांबून तिने मागे बघितलं, मान चोरून, आता चिमटा बसणार म्हणून.

आक्काने मान वर केली नाही. शेपटीने एक माशी हाकलली आणि खातच राहिली. एवढी निवांत मी तिला कधी बघितली नव्हती.

"आरं तिच्या मायला," गार्डसाहेब हळूच म्हणाले. "म्हातारीला थांबायचंच हुतं की. कुणी थांबवलंच न्हाई तिला जन्मात."

मग रोज भारा थोडा थोडा अलीकडे. रोज आक्का थांबायची, चिमणी पुढे जायची. आधी मागे वळून बघायची, मग नुसता एक कान मागे करायची. पुढे पुढे तर भारा नसला तरी आक्का त्या जागी आपण होऊन थांबायला लागली.

चिमणी पुण्याला परत गेली. सिझनच्या शेवटाला तिची शर्यत लागली, तेव्हा मी, बबन आणि गार्डसाहेब एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून पुण्याला गेलो. मी नवे सँडल घातले होते. सपाट. माणूस शिकतो कधीतरी.

गेट उघडलं. चिमणी छान सुटली. एक काळी घोडी सगळ्यांच्या पुढे, चिमणी तिच्या शेपटीशी. तिथे आली आणि थबकल्यासारखी झाली. जॉकी चाबूक उगारतोय. मला डोळ्यांपुढे मोत्याची झालर दिसायला लागली, बँड ऐकू यायला लागला.

"चाबूक नको रं," गार्डसाहेब जॉकीला ऐकू जाणार असल्यासारखे विनवत होते. "तिला इचार करू दे. इचार करू दे."

चिमणीचा एक कान मागे गेला. मग दोन्ही कान पुढे झाले. आणि ती त्या काळीच्या अंगावरून, कुणाची परवानगी न मागता, पुढे निघून गेली.

गार्डसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा शर्यतीत पुढे बघितलं. शेवटचं घोडं कुठे होतं, त्यांना पत्ता नव्हता. बघता बघता त्यांचा हात खिशात गेला, हिरवी झेंडी बाहेर आली आणि ते कठड्यावर चढून ती हलवत सुटले, "राईट! राईट टाईम! जाऊ दे!" रेसकोर्सवर असा झेंडा हलवलेला चालतो होय? दोन वॉचमन धावत आले आणि एकेका बगलेला धरून त्यांना खाली उतरवलं.

त्यामुळे एक गोष्ट त्यांना दिसली नाही. अगदी रेषेपाशी बाहेरच्या अंगाने आणखी एक घोडी आली आणि चिमणीच्या मानभर पुढे गेली. चिमणी दुसरी आली.

मालक आमच्याकडे आले तेव्हा वॉचमनची समजूत काढणं चाललं होतं. "गार्डसाहेब, दुसरी आली."

"ते सोडा. रेषेनंतर?"

मालक हसले. "थांबतच नव्हती. जॉकीला पार पलीकडच्या वळणावर जाऊन आवरावी लागली."

"मग दौंडला कवा जायचं?"

"कुणी नाही जायचं दौंडला," मालक म्हणाले. "तुम्ही मात्र जा, घरी. आणि त्या झेंड्या घरी ठेवून येत जा."

झेंड्या त्यांनी शेवटपर्यंत घरी ठेवल्या नाहीत. चिमणीही पुढच्या सिझनला जिंकली, पण त्या कॅसेटचं पारायण झालं नाही. जिंकलेल्या शर्यतीत शिकण्यासारखं काय असतं, असं त्यांचं म्हणणं. आता ते नाहीत. आक्का नाही. परवा शिरूरला माझ्या नातीची शाळेतली धावण्याची शर्यत होती, तिथे मी शेवटच्या पोरीपर्यंत थांबून राहिले आणि मग दातांतून बारीक शिट्टी घातली. सूनबाई लाजेने लाल झाली. शेवटची पोरगी माझीच नात होती. रेषेनंतर ती कंपाउंडपर्यंत पळत गेली, म्हणून मी निर्धास्त आहे.

पण मला सांगायचा आहे तो त्या पुण्याच्या शर्यतीनंतरचा वरवंडचा बाजार. सासूबाई पुढे, मी मागे, दोन हातांचं अंतर. बांगड्यांच्या दुकानापाशी आलो, तेव्हा माझं मलाच काय वाटलं कोण जाणे, मी पाऊल लांब टाकलं. सासूबाईंच्या बरोबरीला आले. दंड आपोआप अंगाशी घेतला, चिमटा बसणार म्हणून. बसला नाही. मी पुढे गेले. मागे अगदी शांत. आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही, असं म्हणत मी हळूच मान वळवली.

सासूबाई चहाच्या टपरीच्या बाकड्यावर फतकल मारून बसल्या होत्या आणि गुडघे चोळत होत्या.

"सुटले बाई!" त्या ओरडल्या. "टाचंला टाच लावून चालतीस, मला म्होरं पळावं लागतंय! हो म्होरं तू. मी च्या पिऊन येती."

मी निघाले. भाजीची ओळ गेली, भांड्यांची दुकानं गेली, बियाण्याचं दुकान गेलं. कांदे घ्यायचे होते, मिरच्या घ्यायच्या होत्या, सगळं मागे राहिलं. बाजार कधीच संपला होता आणि मी आपली रिकामी पिशवी हलवत चाललेच होते.